मुक्काम पोस्ट खान्देश : पाहुणा येतो, रात्र राहत नाही

केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या ‘सर्वोत्कृष्ट पर्यटन गाव’ स्पर्धेत २०२४ साली देशभरातून ९९१ गावांचे अर्ज आले, निवड झाली ३६ गावांची. त्यात महाराष्ट्रातलं गाव होतं दापोली तालुक्यातलं कर्दे. त्याआधीच्या वर्षी ७९५ अर्जांतून ३५ गावं निवडली गेली, तेव्हा आपल्याकडून कोल्हापूर जिल्ह्यातल्या पाटगावाचं नाव लागलं. एक कोकणातलं, एक सह्याद्रीच्या कुशीतलं. दोन्ही वर्षं मिळून जळगाव आणि धुळे जिल्ह्यांच्या खात्यावर शून्य.

हे शून्य बघून आपल्याकडे लगेच ‘विकास आराखडा’ निघतो. राज्याच्या २०२४ च्या पर्यटन धोरणाचं उद्दिष्टच दहा वर्षांत एक लाख कोटींची गुंतवणूक आणि १८ लाख रोजगार असं आहे, तेव्हा आराखड्यांना तोटा नाही. पण खान्देशातल्या गावाला पर्यटनातून नेमके किती रुपये मिळू शकतात, हा हिशेब आराखड्याआधी व्हायला हवा. तो कागदावर मांडला तर जरा वेगळंच दिसतं.

आधी आपल्याकडे काय आहे ते मोजू. जळगाव आणि धुळे मिळून क्षेत्रफळ १९ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत जळगाव ४२ लाख ३० हजार आणि धुळे २० लाख ५१ हजार, म्हणजे ६३ लाखांना थोडी कमी वस्ती; त्यातली दोनतृतीयांशाहून जास्त खेड्यांत. बघण्यासारख्या जागांची यादी करायला बसलं तर पान पुरत नाही. जळगावला लागून आसोदे, बहिणाबाईंचं माहेर. तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव, जवळच कोथळीची मुक्ताई. एरंडोलजवळ पद्मालय. चोपडा तालुक्यात उनपदेवचे गरम पाण्याचे झरे, यावलला मनुदेवीचा धबधबा, रावेर तालुक्यात सातपुड्यातलं पाल. चाळीसगावपासून १८ किलोमीटरवर पाटण. धुळ्याकडे लळिंग, भामेर, थाळनेर हे किल्ले, बळसाण्याची मंदिरं. फैजपूरला तर डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन झालं. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, मंडपाची कलात्मक बाजू नंदलाल बोस यांच्याकडे. आज फैजपूरला मुद्दाम जाऊन राहणारा पाहुणा विरळाच.

थोडक्यात, जागा कमी नाहीत. कमी आहेत त्या रात्री.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण अजिंठा. लेण्यांना जवळचं मोठं रेल्वे स्टेशन जळगाव, अंतर साठेक किलोमीटर. १९८३ पासून ही लेणी जागतिक वारसा यादीत आहेत. पण लेणी प्रशासकीयदृष्ट्या शेजारच्या जिल्ह्यात, सोयगाव तालुक्यात. अजिंठा-वेरूळ परिसराच्या संवर्धन आणि पर्यटन विकासासाठी जपानकडून १९९२ आणि २००३ अशा दोन टप्प्यांत मिळून ११ अब्ज येनांहून अधिक कर्ज मंजूर झालं. त्यातून लेण्यांची कामं, रस्ते, वनीकरण, औरंगाबादचा विमानतळ (तेव्हा शहराचं नाव तेच होतं) अशी बरीच कामं निघाली. जळगावच्या वाट्याला आला तो गाडीतून उतरून टॅक्सी धरणारा प्रवासी. तो सकाळी उतरतो, लेण्यांपाशी भारतीयाचं ४० किंवा परदेशी पाहुण्याचं ६०० रुपयांचं तिकीट काढतो, दुपार लेण्यांत घालवतो आणि संध्याकाळी एक तर पुढे संभाजीनगरला जातो, नाहीतर परत जळगाव स्टेशनवर येऊन रात्रीची गाडी पकडतो. वाटेतल्या गावांना त्याच्याकडून फार तर चहाचे पैसे मिळतात.

म्हणून ‘किती पर्यटक आले’ हा आकडा मला फसवा वाटतो. विचारायचं ते वेगळंच: किती जण जेवले, किती जण राहिले, आणि त्यांनी खर्चलेल्या शंभर रुपयांतले किती गावातच थांबले?

राहण्याचं बघू. खान्देशात राहण्याच्या व्यवसायाचा पहिला शत्रू म्हणजे ऊन. मार्च उलटला की पारा चढू लागतो आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळ पट्ट्यात ४५ अंशांच्या बातम्या ठरलेल्या. मुंबई-पुण्याच्या कुटुंबाची सगळ्यात मोठी सुट्टी नेमकी याच दिवसांत. कोकण त्या सुट्टीवर वर्ष काढतं. आपल्याकडे तेव्हा रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. आता गंमत अशी की खान्देशातल्या गावांत वर्षातली सर्वांत मोठी गर्दी होते तीही याच उन्हात, आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला. सासुरवाशिणी माहेरी येतात, सुरत-नाशिक-पुण्याला कामाला गेलेली पोरं घरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, खापरावर मांडे होतात. ही माणसं प्रवास करून येतात, चार-चार दिवस राहतात, गावच्या बाजारात खर्च करतात. पर्यटनाच्या कुठल्याही फाइलीत त्यांची नोंद नसते, कारण ती ‘पर्यटक’ नाहीत, घरचीच माणसं आहेत.

बाहेरच्या पाहुण्यासाठी मात्र हंगाम जुलै ते फेब्रुवारी. दिवस भरतात २४३, म्हणजे शनिवार-रविवारच्या जोड्या सुमारे ३५. दिवाळी-नाताळची सुट्टी धरली तर थोडे दिवस वाढतात, पण मधल्या वारी खोली रिकामीच राहणार हे गृहीत धरलेलं बरं. तेव्हा विकत येण्याजोग्या रात्री वर्षाला ३५.

आता कर्जाकडे वळू. राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणानुसार किमान एक एकर शेती असलेला शेतकरी नोंदणी करू शकतो आणि जास्तीत जास्त आठ खोल्या बांधू शकतो. २०२३ मध्ये आलेल्या ‘आई’ या महिलाकेंद्री पर्यटन धोरणात त्याहून आकर्षक गोष्ट आहे: पर्यटन व्यवसायासाठी महिलेने घेतलेल्या १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज, १२ टक्क्यांच्या मर्यादेत, सरकार परत करतं. कर्ज फिटेपर्यंत, किंवा सात वर्षं, किंवा व्याजाची रक्कम साडेचार लाख होईपर्यंत, यांतलं जे आधी घडेल तोवर. योजना चांगली आहे. तरीही ती यावल किंवा साक्री तालुक्यातल्या एखाद्या बाईने कागदावर सोडवून बघावी.

१५ लाख, १२ टक्के, सात वर्षं. महिन्याचा हप्ता येतो साधारण २६,४८० रुपये, वर्षाला ३ लाख १८ हजार. सात वर्षांत एकूण व्याज सव्वासात लाखांच्या घरात. सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचाच भाग मोठा असल्यामुळे सरकारचे साडेचार लाख तिसरं वर्ष संपता संपता संपतात. पुढची चार वर्षं हप्ता पूर्ण आपला.

उत्पन्नाची बाजू. चार खोल्या धरू, प्रत्येकीत दोघे. दोन वेळचं जेवण, नाश्ता, चहा धरून माणशी १,५०० रुपये. आठ माणसं, ३५ रात्री, एकही खोली रिकामी नाही असं मानलं तरी गल्ला ४ लाख २० हजार. त्यातले चाळीस टक्के किराणा, वीज, धुणं-भांडी आणि मदतनीस यांत गेले तर हातात २ लाख ५२ हजार. हप्ता ३ लाख १८ हजार. म्हणजे सगळ्या शनिवारी सगळ्या खोल्या भरूनही वर्षाला ६६ हजार घरातून घालायचे. निम्म्याच खोल्या भरल्या तर हातात १ लाख २६ हजार, आणि तूट दोन लाखांच्या जवळ. पहिल्या तीन वर्षांत व्याज परत मिळतं म्हणून हे दुखणं लपतं. चौथ्या वर्षी उघडं पडतं.

दर मी माझ्या अंदाजाने धरलेत. कुणी १,५०० चे २,००० करेल, कुणी खोल्या आठ करेल. पण खोल्या आठ केल्या तर बांधकामही दुप्पट आणि गिऱ्हाईकही दुप्पट शोधावं लागणार. ३५ चा आकडा मात्र हलत नाही. तो पंचांगाने आणि उन्हाने ठरवलेला आहे. मुळशी-मावळच्या शेतघराला पुण्या-मुंबईचे लोक वर्षभर, पावसाळ्यात तर रांग लावून मिळतात. तिथला नमुना उचलून तापीकाठी ठेवला की तो असा कोसळतो.

मग खान्देशच्या गावाकडे विकण्यासारखं काय आहे? माझं उत्तर: चूल.

जळगावचं भरिताचं वांगं आणि जळगावचं केळं या दोघांनाही २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हे वांगं इतर ठिकाणच्या जांभळ्या वांग्यासारखं नसतं. फिकट हिरवं, पांढुरक्या रेघांचं, तळहातात न मावणारं, बी कमी. यावल तालुक्यातल्या बामणोदच्या वांग्याचं नाव घेतल्याशिवाय इकडे भरिताची गोष्ट पुरी होत नाही. वांगी भाजायची ती गॅसवर नाही, कपाशीच्या किंवा तुरीच्या वाळल्या काड्यांच्या जाळावर. साल करपून सुटली की आतला गर लाकडी बडगीत घालून मुसळीने कुटायचा. हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, वर तेलाची फोडणी. सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि सालाचे उडीद एकत्र दळून केलेली. थंडी पडली की शेतात भरीत पार्टी न झालेलं कुटुंब शोधावं लागतं. यात लागणारं सगळं त्याच शिवारातलं असतं, जाळायच्या काड्यासुद्धा. मिठाची पिशवी सोडली तर या थाळीतला रुपया गावाबाहेर जायला वाटच नाही.

आता याचा हिशेब. तेच ३५ रविवार. दुपारचं जेवण, दर रविवारी ४० पानं, पानाला २५० रुपये. दिवसाचा गल्ला १०,०००, हंगामाचा साडेतीन लाख. निम्मा खर्च धरला तर हातात १ लाख ७५ हजार. सहा बायांच्या बचत गटाने हे केलं तर दर रविवारी प्रत्येकीला ८३३ रुपये. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला २०२५-२६ चा दर ३१२ रुपये होता. म्हणजे त्याच्या अडीचपटीहून जास्त. लागतं काय? पत्र्याची किंवा पाचटाची शेड, सतरंज्या, मोठी भांडी, पिण्याचं चांगलं पाणी आणि एक नीट स्वच्छतागृह. १५ लाखांचं कर्ज यात कुठेच बसत नाही.

आणि गिऱ्हाईक? ३५ रविवारी ४० म्हणजे वर्षाला १,४०० माणसं. जळगाव शहर ४ लाख ६० हजार, धुळे ३ लाख ७५ हजार, भुसावळ १ लाख ८७ हजार. २०११ च्या जनगणनेप्रमाणे तिन्ही मिळून १० लाख २२ हजार. त्यांतली हजारी दीड माणसं वर्षातून एकदा आली तरी एका गावाची पंगत भरते. पुण्या-मुंबईच्या पाहुण्याला चारशे किलोमीटर आणण्यापेक्षा भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमधल्या कुटुंबाला पंचवीस किलोमीटरवर नेणं सोपं. आपल्या पर्यटन आराखड्यांत मात्र हा जवळचा माणूस कधीच नसतो. त्यांतल्या चित्रांत गॉगल लावलेली परदेशी जोडपी असतात.

अर्थात, दहा-वीस गावांनी एकाच वेळी भरीतच मांडलं तर हा हिशेब पुन्हा मोडेल. म्हणून बारीपाड्याकडे बघायला हवं.

बारीपाडा साक्री तालुक्यात, धुळ्यापासून शंभर किलोमीटरच्या आसपास, गुजरातच्या सीमेजवळ. कोकणा आदिवासींचा पाडा. नव्वदीच्या सुरुवातीला इथला डोंगर उघडा पडला होता आणि पाण्यासाठी बायांना वणवण करावी लागत होती. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने गावाने वनसमिती केली, स्वतःवर कुऱ्हाडबंदी घातली, तोडणाऱ्याला दंड लावला, बंधारे-चर काढले आणि सुमारे ४४५ हेक्टर, म्हणजे ११०० एकर जंगल राखलं. पाणी आलं, भात आला. २००४ पासून गावात रानभाज्यांची पाककला स्पर्धा सुरू झाली. बाया रानातून भाज्या आणतात, रांधतात, परीक्षक चाखतात, आणि ते बघायला-जेवायला बाहेरून लोक येतात. २०२५ मध्ये पवारांना पद्मश्री मिळाली.

क्रम बघण्यासारखा आहे. जंगलापासून स्पर्धेपर्यंत दहा-बारा वर्षं गेली, आणि त्या वर्षांत कुणी ‘पर्यटन’ हा शब्द उच्चारला नसावा. स्पर्धा भरली ती गावच्या बायांना ज्या भाज्या माहीत होत्या त्यांची किंमत गावालाच कळावी म्हणून. पाहुणे नंतर आले. दुसऱ्या गावाने याची नक्कल करायची म्हटली तर ताटं मांडता येतील; ताटात वाढायच्या भाज्यांसाठी आधी ४४५ हेक्टर लागतील. पाटगावचंही तेच: मधाचं गाव म्हणून त्याचं नाव झालं ते मधमाश्या आणि जंगल होतं म्हणून.

दुसरा मार्ग आहे जाणाऱ्याला थांबवण्याचा. सातारा जिल्ह्यातलं भिलार मे २०१७ मध्ये पुस्तकांचं गाव झालं, तेव्हा २५ ठिकाणी मिळून १५ हजार पुस्तकं ठेवली होती. कल्पना सुरेखच. पण भिलार पाचगणी आणि महाबळेश्वर यांच्या मधे आहे हे विसरून तिची नक्कल करायला निघालेले लोक भेटतात. गर्दी तिथे आधीच होती. भिलारने तिला गाडी बाजूला घ्यायला लावली.

असं रस्त्याचं भाग्य खान्देशात कुणाला असेल तर धुळ्याला. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात, सोलापूरकडचाही तिथूनच फुटतो. आग्रा रोडवर उत्तरेला सोनगीर: किल्ला आहेच, पण खरी ओळख तांब्या-पितळेच्या भांड्यांची. तांबटाच्या हातोडीचे ठोके एकाखाली एक बसत जातात आणि साधा पत्रा हंडा होतो, हे पंधरा मिनिटं उभं राहून बघण्यासारखं काम आहे. दक्षिणेला लळिंग, किल्ला गाडीच्या काचेतूनच दिसतो. तिथल्या लांडोर बंगल्यात ३१ जुलै १९३७ ला डॉ. आंबेडकर मुक्कामी होते, आणि दरवर्षी त्या तारखेला तिथे मोठा मेळा जमतो. उरलेले ३६४ दिवस महामार्गावरची वाहनं टोल भरतात आणि पुढे जातात. दिवसाकाठी त्यांतल्या वीस गाड्या तासभर थांबल्या तर काय होईल, हे कुणी ढाबेवाल्याला विचारावं. त्याला पर्यटन धोरण वाचावं लागलेलं नाही, तरी शेवभाजीच्या जोरावर त्याने ते कधीच अमलात आणलंय.

शेवटचा प्रश्न पैसा गावात राहण्याचा, आणि त्याचं सगळ्यात जुनं उत्तर पाटणला दगडावर कोरलेलं आहे. ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहिणाऱ्या भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादवांच्या दरबारी ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने पाटणला मठ काढला, आणि १२०७ च्या शिलालेखात त्या मठाच्या खर्चाची तजवीज नोंदली गेली. डॉ. भाऊ दाजींनी एकोणिसाव्या शतकात हा लेख उजेडात आणला. लेखाचा बराचसा भाग संस्कृत आहे, पण हिशेबाची कलमं थेट मराठीत. पाटणच्या बाजारात जो माल विकला जाईल त्याच्या गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा हिस्सा मठाला. आणि गावात जितके तेलघाणे चालतील तितक्या घाण्यांमागे एकेक पळी तेल. निधी वरून येईल म्हणून वाट बघायची नव्हती. गावात उलाढाल वाढली की मठाचा दिवा आपोआप जास्त वेळ जळणार, अशी ती व्यवस्था.

आजची व्यवस्था उलटी आहे. जिल्हा नियोजनातून निधी येतो आणि त्याचं सभामंडप, पेव्हर ब्लॉक, प्रवेशद्वार यांत रूपांतर होतं. यात्रेच्या दिवशी देवापुढचा पैसा ट्रस्टकडे, पार्किंगचा ठेकेदाराकडे, जंगलाचं शुल्क वनखात्याकडे जातं. ग्रामपंचायतीला मिळतो तो कचरा. कायद्याने तिचे हात बांधलेत असंही नाही. १९५८ च्या महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ मध्ये यात्रा कर आणि जत्रा-उत्सवांवरचा कर बसवण्याची मुभा आहे. सरपंच तो बसवत नाहीत, कारण देवाला येणाऱ्याकडून पैसे घेतले तर पुढच्या निवडणुकीत काय होईल हे त्यांना धोरणकर्त्यांपेक्षा चांगलं कळतं.

तरी आकडा मांडून ठेवतो. एखाद्या गावात वर्षाला ५० हजार माणसं येतात असं धरू आणि माणशी फक्त पाच रुपये घेऊ. अडीच लाख होतात. ३१२ रुपये रोजाने दोन माणसं वर्षाचे ३६५ दिवस साफसफाईला ठेवली तर खर्च २ लाख २७ हजार ७६०. उरतात २२,२४० रुपये. उनपदेवला किंवा मनुदेवीला लेकीबाळींना घेऊन गेलेल्या कुणालाही विचारा, स्वच्छतागृहाच्या टाकीत वर्षभर पाणी ठेवायला ते आधी खर्च करायचे की दिशादर्शक पाटीला.